ओके मधल्या 'के' ने चालू ठेवलेली मोटर: एक सिम्युलेटर, चार कन्सोल

तासगाव भागातली काकांची द्राक्षबाग, बोअरवर साडेसात एचपीची मोटर, आणि ती मोबाईलवरून चालू-बंद करायला आम्ही बनवलेला स्टार्टर. शेतीची थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीच असते त्यामुळे असले मोबाईल स्टार्टर आता गावोगाव आहेत, एसएमएस टाकला की मोटर चालू, दुसरा टाकला की बंद, रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन बांधावरनं जायला नको. आमचा बोर्ड अगदी साधा होता. एटी८९एस५२ हा ८०५१ च्याच घराण्यातला मायक्रोकंट्रोलर, ८ केबी फ्लॅश, २५६ बाईट रॅम, ११.०५९२ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल, सिरियलवर ९६०० च्या स्पीडने जोडलेलं, एसएमएस घेणारं-पाठवणारं जीएसएम मॉड्यूल, एक रिले आणि पुढे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा प्रवाह जोडणारा-तोडणारा मोठा स्विच. प्रोग्राम सी मध्ये, एसडीसीसी कंपायलरवर.

तक्रार अशी होती की काकांनी 'बंद' चा एसएमएस टाकला, उलट एसएमएस पण आला "मोटर बंद झाली" म्हणून, आणि सकाळी बघतात तर मोटर चालूच. रोज नाही व्हायचं, महिन्यातनं एखाद-दोन वेळा. पण बोअरचं पाणी संपल्यावर मोटर कोरडी फिरली की वाइंडिंग जळतं, रिवाइंडिंगचा खर्च वेगळा आणि ऐन हंगामात पाण्याचे दोन-तीन दिवस जातात ते वेगळेच. काका फोनवर एकच वाक्य बोलले, "अरे, बंद होत नसंल तर नको होऊ दे, पण बंद झाली म्हणून खोटं तरी सांगू नको." ते माझ्या डोक्यात बसलं, कारण बरोबर होतं त्यांचं. आमचा प्रोग्राम रिलेची खरी स्थिती न बघता ठरलेलं उत्तर पाठवून देत होता. ती चूक वेगळी, ती लगेच सुधारली. पण मूळ प्रश्न तसाच राहिला, की बंद सांगून मोटर चालू कशी राहते.

पहिले दोन आठवडे आम्ही हार्डवेअरच्याच मागे लागलो होतो. असं काही झालं की सगळ्यात आधी संशय कॉन्टॅक्टरवर जातो, कॉइल सुटताना जो नॉइज होतो त्याने कंट्रोलर बिघडतो असं सगळेच म्हणतात आणि पुष्कळदा ते खरंही असतं. कॉइलवर नॉइज दाबणारा आरसी स्नबर टाकला, रिसेटच्या पिनची वायरिंग आवरली, सप्लायला जास्त कपॅसिटर दिले, मॉड्यूलसाठी वेगळा रेग्युलेटर केला. तीन आठवड्यांनी परत तेच. बोर्डवर टेबलावर टेस्ट करायची तर महिन्यातनं एकदा होणारी गोष्ट पकडायची कशी, आणि ८०५१ मध्ये चालू प्रोग्रामच्या आत डोकावायची सोय नाही, फार तर एलईडी लावा नाहीतर सिरियलवर काहीतरी छापा, आणि इथे सिरियल तर मॉड्यूलनेच अडवलेलं.

पुण्यातला माझा मित्र म्हणाला, बोर्ड सोड, सिम्युलेटरवर घे, आणि मलाही आत येऊ दे. त्याच्या डोक्यात यूसीसिम होतं, म्हणजे चिपचं काम कॉम्प्युटरवरच जसंच्या तसं चालवून दाखवणारा प्रोग्राम. हा सिम्युलेटर हंगेरीतल्या डॅनियल द्रोतोश यांनी लिहिलाय, १९९७ पासूनचा, आणि एसडीसीसी टाकलं की त्याच्यासोबतच येतो. एसडीसीसी सुरुवातीला लिहिला संदीप दत्ता यांनी. म्हणजे ज्याने प्रोग्राम कंपाईल करतोय त्याच पोतडीत हे हत्यार इतकी वर्षं पडून होतं आणि आम्ही ते उघडून बघितलं नव्हतं, कारण कॉलेजात ८०५१ शिकताना सगळं कायल या दुसऱ्या कंपायलरवर केलेलं, तिथे खिडकीत बटणं असतात, इथे नुसतं काळं टर्मिनल.

पण या काळ्या टर्मिनलची एक गोष्ट फार कामाची आहे. सिम्युलेटर सुरू करताना मोठ्या झेडचा पर्याय देऊन पोर्ट नंबर सांगितला की तो कीबोर्डवरून कमांड घेत नाही, त्या पोर्टवर ऐकत बसतो. टेलनेटने जोडलं की समोर कमांड टाईप करायला प्रॉम्प्ट येतो, हे झालं एक कन्सोल. दुसऱ्या टर्मिनलमधून परत जोडलं की आणखी एक प्रॉम्प्ट, तिसरा, चौथा, सगळे एकाच चालू मायक्रोकंट्रोलरकडे बघतायत. आणि मायक्रोकंट्रोलरचं सिरियल पण असंच वेगळ्या पोर्टवर काढून देता येतं, म्हणजे तिथे खोटं जीएसएम मॉड्यूल बसवायची सोय झाली.

आम्ही मांडणी केली ती अशी. सिम्युलेटर माझ्या सांगलीतल्या डेस्कटॉपवर, कन्सोलसाठी पोर्ट ५६७८, सिरियलसाठी ६७८९. मित्र एसएसएच टनेलमधून, म्हणजे पासवर्डच्या सुरक्षित जोडणीतून, माझ्या मशिनवर यायचा आणि तिथून ५६७८ ला जोडायचा. हे टनेल मुद्दाम, कारण त्या कन्सोलला पासवर्ड वगैरे काही नाही, जो जोडेल तो मालक, असला पोर्ट राउटरवर उघडा ठेवायचाच नाही. माझ्याकडे दोन कन्सोल, एक चालवायला आणि एक बघायला. मित्राकडे एक. चौथं कन्सोल माणसासाठी नव्हतंच, तिथे पायथॉनची एक छोटी स्क्रिप्ट जोडलेली, तिच्याबद्दल पुढे सांगतो. आणि सिरियलच्या पोर्टवर दुसरी स्क्रिप्ट, जी मॉड्यूल असल्यासारखी वागायची, प्रोग्रामने एटी कमांड पाठवली की ओके द्यायची, मधेच नवीन एसएमएस आल्याचं सांगायची, वाचायला मागितलं की नंबर, तारीख, मजकूर आणि शेवटी ओके असं सगळं धाडायची. सिरियलला रॉ हा पर्याय लावायला विसरू नका, स्क्रिप्टला फक्त खरे बाईट पाहिजेत, टर्मिनलची सजावट नको.

पहिली संध्याकाळ

पहिली संध्याकाळ बग सोडून आपापसातला गोंधळ निस्तरण्यातच गेली, आणि मला वाटतं हा भाग कोणी नीट सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

एका कन्सोलवरून रन दिलं की ते कन्सोल गोठतं, प्रॉम्प्ट परत येत नाही, कारण ते आता चालू प्रोग्राम थांबायची वाट बघतंय. पण बाकीची कन्सोल जिवंत असतात, तिथून रजिस्टर बघा, मेमरी डंप करा म्हणजे आत काय आहे ते छापून बघा, स्टॉप द्या, सगळं चालतं. इथपर्यंत छान. पण गोठलेल्या कन्सोलवर नुसतं एंटर दाबलं तरी सिम्युलेशन थांबतं. मी सवयीने रिकामं एंटर मारायचो, चालू आहे ना बघायला, आणि तिकडे पुण्यात मित्राला कळायचंच नाही की मधेच का थांबलं. तो समजायचा ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम थांबवायला ठेवलेली खूण, लागला. मग तो परत रन द्यायचा, आता गोठायची पाळी त्याच्या कन्सोलची.

ब्रेकपॉइंट पण सगळ्यांचे सामाईक असतात. एक मायक्रोकंट्रोलर, एकच यादी, कन्सोलप्रमाणे वेगळी नाही. त्याने टाकलेला ब्रेकपॉइंट माझ्या रनला अडवणार आणि मी काढला तर त्याचाही गेला.

आणि सगळ्यात महागात पडलं ते किल. मित्राला जेवायला जायचं होतं, कन्सोल बंद करायचं म्हणून त्याने किल टाईप केलं. क्विट म्हणजे आपलं कन्सोल बंद, किल म्हणजे अख्खा सिम्युलेटरच बंद. पाऊण तास चालवत आणलेली सगळी स्थिती गेली, माझी दोन्ही टर्मिनल एकदम तुटली. त्याचा फोन आला, "अरे सॉरी, माझंच चुकलं, पण विचारलं पण नाही रे त्याने!" खरंच विचारत नाही.

त्यानंतर आम्ही फोन स्पीकरवर ठेवूनच बसायचो आणि ठरवलं की रन, स्टेप आणि रिसेट फक्त माझ्या पहिल्या कन्सोलवरून. मित्र फक्त बघणार, आणि मेमरीत काही बदलायचं असेल तर आधी तोंडाने सांगून. कोणाच्या हातात स्टिअरिंग आहे हे ठरलं नाही तर जास्त कन्सोल म्हणजे जास्त त्रास.

आणखी एक खाचखळगा वेळेचा. सिम्युलेटरमधला सेकंद आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद एक नसतो. माझी खोट्या मॉड्यूलची स्क्रिप्ट "दोन सेकंद थांब आणि मग पाठव" असं करत होती, पण त्या दोन सेकंदात आतल्या ८०५१ साठी भलताच वेळ गेलेला असायचा. स्क्रिप्टमधले सगळे थांबे काढले आणि प्रोग्रामकडून अमुक उत्तर आलं की पुढचं पाठव असं केलं, तेव्हा कुठे ताळमेळ बसला. एकेका अक्षराचं काय, ते आत शिरताना सिम्युलेटर ९६०० च्याच हिशोबाने शिरवतो, त्याची काळजी नव्हती.

स्टॅक नव्हे

मित्राचा पहिला अंदाज स्टॅकचा होता. २५६ बाईटच्या रॅममध्ये व्हेरिएबल संपली की उरलेल्या जागेत स्टॅक, म्हणजे फंक्शनमधून परत कुठे जायचं वगैरे तात्पुरतं ठेवायची जागा, तो वाढत वाढत टोकाला गेला की रजिस्टरांवर चढणार आणि मग काहीही होऊ शकतं. अंदाज चांगला होता. पण इथे दुसऱ्या कन्सोलचा उपयोग झाला, प्रोग्राम चालू असतानाच त्याने स्टेट कमांड दिली. ती एकूण किती वेळ गेला, इंटरप्टमध्ये, म्हणजे मेन काम मधेच थांबवून दुसरं उरकण्यात, किती टक्के गेला हे तर सांगतेच, वर स्टॅक पॉइंटर आतापर्यंत जास्तीत जास्त कुठपर्यंत गेला तेही सांगते. शे-दोनशे एसएमएस खाऊ घातल्यावरही टोकापासून तीसेक बाईट लांबच. स्टॅकचा विषय तिथेच संपला. बोर्डवर ही एक गोष्ट सिद्ध करायला मला आठवडा लागला असता.

मग चौथं कन्सोल लावलं. मोटर चालू की बंद हे प्रोग्राममध्ये एका छोट्या टेबलात ठेवलेलं होतं, त्या खान्याचा पत्ता मॅप फाईलमधून काढला, आतल्या रॅममध्ये हेक्स, म्हणजे सोळाच्या पद्धतीने मोजलेला, ३३. तिथे फक्त ० किंवा १ असायला पाहिजे. स्क्रिप्ट कन्सोलला जोडून सारखी तो एक बाईट डंप करून बघायची, आणि ० किंवा १ सोडून दुसरं काही दिसलं की लगेच स्टॉप. खोटं मॉड्यूल दुसरीकडे 'चालू', 'बंद', 'चालू', 'बंद' पाठवत राहणार, मजकुराच्या आधी-मागे कमी जास्त स्पेस टाकून, पाठवणाऱ्याचा नंबर कधी +९१ लावून कधी न लावता. ही स्पेसची आयडिया मित्राची, आणि ती नसती तर पकडलं नसतं असं मला वाटतं, कारण मजकूर वेगळा झाला की प्रोग्रामला तो वाचायला लागणारा वेळ बदलतो आणि नेम दरवेळी वेगळ्या जागी लागतो.

रात्री साडेअकराला थांबलं. मी बघायच्या कन्सोलवर डंप दिला. ३३ च्या खान्यात होतं ४बी.

हेक्स ४बी म्हणजे मोठ्या लिपीतलं इंग्रजी 'के'.

मोटरच्या खान्यात 'के' अक्षर. आणि प्रोग्राम रिले ठरवताना काय बघत होता, तर खाना शून्य आहे का, नसेल तर चालू. म्हणजे 'बंद' सांगितल्यावर तिथे शून्य जायच्या ऐवजी 'के' गेला आणि मोटर चालूच राहिली. आणि 'के' येतो कुठून, तर मॉड्यूल एसएमएसचा मजकूर देऊन झाल्यावर शेवटी जे ओके पाठवतं त्यातून. आमचा प्रोग्राम मजकुराची ओळ संपली की लगेच कामाला लागायचा, आणि मागून ते ओके अजून येतच असायचं.

कंपायलरची ठरलेली जागा

पुढचं कागदावर सुटलं. एसडीसीसी ८०५१ साठी फंक्शनचा पहिला पॅरामीटर रजिस्टरात पाठवतो, पण दुसरा पॅरामीटर स्टॅकवर नाही, रॅममधल्या ठरलेल्या एका पत्त्यावर ठेवतो. कारण ८०५१ ला स्टॅकवरून असं वाचणं फार जड जातं. त्यामुळे साधं फंक्शन रीएन्ट्रंट नसतं, म्हणजे ते अर्धवट चालू असताना दुसऱ्याने बोलावलं तर पहिल्याचा पॅरामीटर पुसला जातो. आमचं टेबलात लिहायचं फंक्शन दोन पॅरामीटर घ्यायचं, कुठला खाना आणि काय लिहायचं. मेन प्रोग्राम त्याने मोटरच्या खान्यात ० लिहायचा. आणि सिरियल इंटरप्टमध्ये, ही माझी चूक, मी तेच फंक्शन वापरून 'शेवटचं आलेलं अक्षर' दुसऱ्या खान्यात लिहीत होतो. कंपायलर इंटरप्टमध्ये शिरताना रजिस्टर सगळी जपून ठेवतो, पण हा ठरलेला पत्ता जपत नाही.

आमच्याकडे तो पत्ता हेक्स ३सी होता. मेन ३सी मध्ये ० ठेवतो, डीपीएल या रजिस्टरात खान्याचा नंबर ठेवतो, फंक्शनला उडी मारतो, आत तीन छोट्या इन्स्ट्रक्शन आणि मग ३सी मधलं उचलून टेबलात. पहिल्या आणि शेवटच्या इन्स्ट्रक्शनच्या मधे ७ मशीन सायकल, एक सायकल १.०८५ मायक्रोसेकंदाची, म्हणजे साडेसात मायक्रोसेकंदांची फट. ९६०० वर एक अक्षर साधारण १.०४ मिलिसेकंदांनी येतं. म्हणजे अक्षरं येत असताना लिहिलं तर सव्वाशे-दीडशेत एकदा नेम लागणार. रोज नाही, कधीतरीच, काकांच्या तक्रारीशी जुळतंच.

पण जुळतंय म्हणून सोडलं नाही, प्रत्यक्ष बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी रविवार, सकाळीच बसलो. माझ्या कन्सोलवरून 'बंद' च्या वाटेवर, ३सी मध्ये ० ठेवून झाल्यानंतरच्या इन्स्ट्रक्शनवर ब्रेकपॉइंट टाकला. पत्ता आरएसटी फाईलमधून घेतला, लिंक झाल्यानंतरचे खरे पत्ते त्यात असतात, साध्या लिस्टिंगमध्ये नसतात हे लक्षात ठेवा. रन दिलं, खोट्या मॉड्यूलने 'बंद' पाठवलं, बरोबर तिथे थांबलं. ३सी डंप केलं, ००. मग मी फोनवर म्हणालो, "आता टाक." मित्राने त्याच्या कन्सोलवरून एससीओएन, म्हणजे सिरियलचं नियंत्रण करणारं रजिस्टर, खास रजिस्टरांच्या जागेतला (एसएफआर) हेक्स ९८, तिथे ५० च्या जागी ५१ लिहिलं. शेवटचा बिट म्हणजे आरआय, 'अक्षर आलंय' ही खूण. हाताने लावली तरी इंटरप्ट खराच लागतो.

मी स्टेप दिली. प्रोग्राम काउंटर सरळ ००२३ वर, सिरियल इंटरप्टच्या दारात. स्टेप, स्टेप करत इंटरप्ट संपेपर्यंत गेलो, परत मेनमध्ये आलो, जिथून गेलो होतो तिथेच. मित्र तिकडे ३सी डंप करत होता. ००, ००, ००, आणि मग ०ए. शेवटचं आलेलं अक्षर लाइन फीड होतं तेच तिथे बसलं. आणखी पाच-सहा स्टेप, आणि मोटरच्या ३३ च्या खान्यात ०ए. मोटर चालू. दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही फोनवर. सहा आठवडे जे शेतात अंधारात होत होतं ते डोळ्यासमोर, एकेक इन्स्ट्रक्शन करत, बघायला मिळालं.

हे एकाच कन्सोलवर करता आलं असतं का? आलं असतं, थांबलेल्या सिम्युलेटरला मीच दोन्ही कमांड दिल्या असत्या. पण आदल्या रात्रीचं ४बी पकडणं एका कन्सोलवर झालं नसतं. तिथे एकाने चालवायचं, दुसऱ्याने न थांबवता बघत राहायचं आणि तिसऱ्याने मॉड्यूल बनून बोलत राहायचं, हे तिन्ही एकाच वेळी लागत होतं.

दुरुस्ती आणि जाता जाता सापडलेलं

उपाय तीन होते. फंक्शनला रीएन्ट्रंट करायचं म्हणजे पॅरामीटर स्टॅकवर जातील, किंवा बोलावताना इंटरप्ट बंद ठेवायचे, किंवा इंटरप्टमधून ते फंक्शन बोलवायचंच नाही. आम्ही तिसरं केलं, इंटरप्टमध्ये अक्षर सरळ एका स्वतंत्र व्हेरिएबलमध्ये टाकलं, एक ओळ. रीएन्ट्रंट केलं असतं तर स्टॅकची ती तीसेक बाईटची शिल्लक खर्ची पडली असती, ते मला नको होतं. रिलेची अट पण बदलली, आता खान्यात नेमका १ असेल तरच चालू, बाकी काहीही असलं तरी बंद. आणि काकांना जाणारा एसएमएस आता कॉन्टॅक्टरच्या जादा कॉन्टॅक्टवरून खरी स्थिती वाचून जातो.

एसडीसीसीने आम्हाला या सगळ्यावर एकही वॉर्निंग दिली नव्हती. कायलचा लिंकर अशा वेळी वॉर्निंग १५ देतो, एकाच सेगमेंटला दोन ठिकाणांहून कॉल म्हणून. कॉलेजच्या लॅबमध्ये ती वॉर्निंग आम्ही ढिगाने बघितली होती आणि शून्य एरर दिसलं की पुढे जायचो. ती काय सांगायची ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

मग आरएसटी फाईल परत पूर्ण वाचली, फक्त एकाच नजरेने, इंटरप्टमधून कुठे कुठे कॉल जातोय. आणखी एक सापडला. टायमर इंटरप्टमध्ये एलईडी लुकलुकवायला मी काउंटरचा भागाकार करून बाकी बघत होतो, काउंटर १६ बिटांचा. त्यासाठी कंपायलर गुपचूप लायब्ररीतलं भागाकाराचं रुटीन बोलावतो, आणि तेही रीएन्ट्रंट नाही. मेनमध्ये व्होल्टेज काढताना तोच भागाकार होत होता. म्हणजे कधीतरी व्होल्टेज चुकीचं येऊन मोटर उगाच ट्रिप झाली असती आणि आम्ही परत स्नबर बदलत बसलो असतो. भागाकार काढून उलटा मोजणारा काउंटर टाकला.

दुरुस्तीनंतर तोच प्रयोग परत केला, तोच ब्रेकपॉइंट, मित्राकडून तेच ५१, तेच ००२३ वर जाणं. ३सी मध्ये ०० तसंच राहिलं आणि ३३ मध्येही ००. मग चौथं कन्सोल लावून खोटं मॉड्यूल रात्रभर बोलत ठेवलं, सकाळी सिम्युलेटर अजून चालूच होता, स्क्रिप्टने एकदाही स्टॉप दिलेलं नव्हतं. दुपारी चिप बर्न केली आणि संध्याकाळच्या एसटीने तासगावला गेलो. काकांनी माझ्यासमोर लागोपाठ वीस वेळा चालू-बंद केलं, दरवेळी कॉन्टॅक्टरचा आवाज ऐकून मगच मोबाईलवरचा एसएमएस वाचला.